हिल्डे मांगोल्ड : पेपर तिचा, नाव सरांचं आधी

हान्स स्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं, हे बायोटेकवाल्यांना पाठ असतं. पण ज्या हातांनी तो प्रयोग झाला ते हिल्डेचे होते, हे किती जणांना माहीत आहे?

हिल्डेचा जन्म १८९८ चा, जर्मनीतल्या गोटा गावचा. फ्रँकफुर्टला शिकताना तिने स्पेमान सरांचं लेक्चर ऐकलं आणि ती थेट फ्रायबुर्गला त्यांच्या लॅबमध्ये दाखल झाली. सरांनी आधी दिलेला हायड्रावरचा प्रयोग काही केल्या जमेना. मग १९२१ मध्ये तिच्याकडे न्यूट आला. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी. फिकट न्यूटच्या भ्रूणाचा छोटासा तुकडा काढून गडद न्यूटच्या भ्रूणाच्या पोटाकडे बसवायचा. भ्रूण मोहरीएवढा आणि हत्यारं म्हणजे काचेच्या सुया नि बाळाच्या केसाचा फास! अँटिबायोटिक्स तेव्हा नव्हतीच, त्यामुळे बहुतेक भ्रूण मेले. (आपल्याकडे दोन रीडिंग्ज बिघडली की तिसरं 'मॅनेज' होतं.) पण जे थोडे जगले, त्यांच्या पोटावर चक्क दुसरा जुळा भ्रूण उगवला! रंगावरून कळलं, की त्यातल्या बऱ्याच पेशी मूळ भ्रूणाच्याच होत्या. कातडी होणाऱ्या पेशींना त्या तुकड्याने मज्जासंस्था बनवायला लावलं होतं.

पेपरवर सरांनी आपलं नाव आधी घातलं. बाकीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावावर छापले जायचे. कल्पना सरांची होती हे मान्य, तरी मला हे पटत नाही.

लॅबमधल्याच ओटो मांगोल्डशी तिचं लग्न झालं, मुलगा झाला. सप्टेंबर १९२४ मध्ये घरातल्या हीटरचा भडका उडाला आणि ती गेली. वय २५. पेपर त्याच वर्षी छापून आला. नोबेल मरणोत्तर मिळत नाही.

तो तुकडा नेमकं करतो काय, हे कळायला १९९० चं दशक उजाडलं. त्यातून नॉगिन, कॉर्डिन, फॉलिस्टॅटिन ही प्रथिनं बाहेर पडतात. ती पेशींना हुकूम सोडत नाहीत. बीएमपी नावाचा ग्रोथ फॅक्टर पेशीला 'कातडी हो' म्हणून सांगत असतो, त्यालाच ती बाहेरच्या बाहेर पकडून ठेवतात. त्याचा निरोप पोचलाच नाही की पेशी मज्जातंतूंच्या वाटेला लागते. फॉलिस्टॅटिन तर मायोस्टॅटिनलाही पकडतं, आणि मायोस्टॅटिन म्हणजे स्नायूंच्या वाढीचा ब्रेक. २००१ मध्ये स्नायूंत जादा फॉलिस्टॅटिन तयार करणारे उंदीर बनवले, तर ते एकदम पैलवान निघाले!