भूखंडांच्या स्थलांतराचा द्रष्टा : आल्फ्रेड वेगेनर

गोंडवन हे नाव आपल्याला परके नाही. नागपूर-चंद्रपूरकडील मंडळींना तर ते घरचेच. परंतु दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवखंड मिळून कोणे एके काळी जो अखंड भूभाग होता, त्यालाही जगभरचे भूशास्त्रज्ञ याच नावावरून ओळखतात, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. ती भूमी दुभंगून तिचे तुकडे दूरदूर सरकत गेले, हा विचार ज्यांनी पुराव्यानिशी आणि निर्भयपणे मांडला, ते आल्फ्रेड वेगेनर स्वतः भूशास्त्रज्ञ नव्हते!

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, परंतु मन रमले ते हवामानशास्त्रात. १९०६ मध्ये थोरले बंधू कुर्ट यांच्यासह त्यांनी बलूनमधून सलग बावन्न तासांहून अधिक काळ विहार करून विक्रम केला. त्याच वर्षी ते एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले. त्या मोहिमेचा नायक आणि त्याचे दोन सहकारी बर्फात प्राणास मुकले. तरीही ग्रीनलंडची ओढ वेगेनर यांना जन्मभर सुटली नाही.

पुढे मारबुर्ग विद्यापीठात अध्यापन करीत असता, १९१० च्या नाताळात एका मित्राकडील नवा नकाशासंग्रह चाळताना दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी जुळतो, हे त्यांच्या नजरेत भरले. हे साम्य त्यांच्या आधीही काहींना दिसले होते. पण वेगेनर तेथे थांबले नाहीत. गोड्या पाण्यातील मेसोसॉरस या प्राण्याचे जीवाश्म अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर कसे? जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसॉप्टेरिस ही वनस्पती दक्षिणेकडील खंडांत आणि आपल्याकडील कोळशाच्या थरांतही कशी? उष्ण भारतात चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे हिमनदीने ओरखडलेले खडक कसे? त्या काळचे पंडित जीवाश्मांच्या कोड्यासाठी समुद्रात बुडालेल्या भूसेतूंची कल्पना करीत. वेगेनर यांनी ती बाजूला सारली आणि भूमीच हलली, असे ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्ट येथील व्याख्यानात सांगितले.

पहिल्या महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. त्या सक्तीच्या विश्रांतीत आकाराला आलेला ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२९ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. विरोध मात्र वाढतच गेला. एवढी प्रचंड भूमी कोणत्या बळाने सरकते, हा विरोधकांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच म्हटला पाहिजे. पृथ्वीचे परिवलन व भरती-ओहोटी यांतून वेगेनर यांनी सुचविलेली बले फारच दुर्बल ठरली. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते, हे त्यांचे गणितही चुकले. खरी गती जेमतेम काही सेंटिमीटर आहे. परंतु कारण सापडत नाही म्हणून पुरावाच खोटा ठरविणे, हा कोणता न्याय? हवामानशास्त्रज्ञाने भूशास्त्रात लुडबूड करू नये, ही भावनाही त्या टीकेत होतीच. जर्मनीत त्यांना अखेरपर्यंत पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नाही. ते १९२४ मध्ये मिळाले ऑस्ट्रियात, ग्राझ येथे.

न्याय मिळाला तो मृत्यूनंतर, आणि त्यात आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाही वाटा आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जपून ठेवतात. १९५६ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या खडकांवरून दाखविले की, ते थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. पुढे १९६० नंतरच्या दशकात सागरतळ मधोमध फाटून पसरतो, हे सिद्ध झाले आणि भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य झाला. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे.

हे पाहण्यास वेगेनर नव्हते. १९३० मध्ये ते आपल्या शेवटच्या ग्रीनलंड मोहिमेचे नेतृत्व करीत होते. किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर आत, हिमपठाराच्या मध्यावर, गेओर्गी आणि झोर्गे हे दोघे सहकारी हिवाळाभर निरीक्षणे करणार होते. त्यांच्याकडे इंधन अपुरे होते. यांत्रिक घसरगाड्या निकामी ठरल्या, तेव्हा २१ सप्टेंबरला वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. वाटेत तेरापैकी बारा ग्रीनलंडवासी परतले. बहुतेक सामान टाकून द्यावे लागले. वेगेनर, लोवे आणि तरुण रास्मुस विलुमसेन असे तिघे चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, जवळजवळ रित्या हातांनी पोहोचले. पाहतात तो दोघा सहकाऱ्यांनी बर्फात गुहा खोदून, आहे त्या इंधनावर तग धरण्याचा निश्चय केलेला! लोवे यांच्या पायांची बोटे हिमदंशाने गेली होती. त्यांना तेथेच ठेवणे भाग होते. पाच जणांना पुरेल एवढा शिधा नव्हता. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रास्मुसला घेऊन परतीच्या वाटेला लागले.

१२ मे १९३१ रोजी बर्फात उभ्या रोवलेल्या स्कींच्या खुणेवरून त्यांचा देह सापडला. बहुधा अतिश्रमाने हृदय थांबले असावे. रास्मुसने तो झोपण्याच्या पिशवीच्या कापडात नीट शिवून ठेवला होता. शोधपथकाने त्यांना तेथेच हिमसमाधी दिली. रास्मुसचा मात्र माग लागला नाही. वेगेनर यांची रोजनिशी त्याच्याजवळ होती, तीही त्याच्याबरोबरच गेली. मोहिमेचे उरलेले काम कुर्ट वेगेनर यांनी येऊन पुरे केले.