लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या मामांनीं आपल्या जुन्या मोटारीचा अल्टरनेटर घरच्या अंगणांतच बदलला. रोज सकाळीं बॅटरी उतरलेली असे, रात्रीं पुढचे दिवे मिणमिणत, आणि इंजिन सुरू झालें तरी चालकासमोरचा तांबडा दिवा विझत नसे. मामांनीं प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली; मग बोल्ट सैल करून पट्टा उतरविला, मागच्या तारा खुणा करून काढल्या, आणि तें नारळाएवढें जड यंत्र माझ्या हातीं देऊन तें उघडून पाहण्याची मुभा दिली. आंत पाहतों तों तांब्याच्या तारेचीं वेटोळीं, लोखंडाचा गाभा आणि मधोमध फिरणारा एक विद्युच्चुंबक. याहून फारसें कांहीं नव्हतें. त्या चुंबकाला वीज पोंचविणारे कार्बनचे दोन तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. असल्या साध्या सामग्रींतून वीज निघूं शकते, हें ज्या पुरुषानें शोधून काढलें त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें तेव्हांच मनांत आलें.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथें झाला. बाप लोहार, पण त्याची प्रकृति अशक्त असल्यामुळें भाता रोज पेटेलच असा भरंवसा नसे. १८०१ सालच्या महागाईंत मायकेलच्या वाट्यास आठवड्याला एक पाव येई, व तोच त्याला आठवडाभर पुरवावा लागे. वाचन, लेखन आणि थोडें अंकगणित, एवढेंच त्याचें शालेय शिक्षण. तेराव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला आणि घरोघर वर्तमानपत्रें पोंचवूं लागला. मुलाची सचोटी पाहून मालकानें पुढल्या वर्षीं त्याला पुस्तकबांधणीच्या धंद्यांत सात वर्षांच्या करारानें उमेदवार घेतलें, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें घ्यावयाची फीहि माफ केली.

येथें त्याचें खरें विद्यालय उघडलें. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूं लागला. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तील विजेवरील लेख आणि मार्सेट बाईंचें रसायनशास्त्रावरील सुबोध पुस्तक यांनीं त्याला वेड लाविलें. पुस्तकांत लिहिलेलें खरें कीं खोटें हें स्वतः करून पाहिल्यावांचून त्याला चैन पडेना. म्हणून हातांत येतील त्या पैशांतून तो प्रयोगाचें साहित्य जमवी.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें तीं व्याख्यानें ऐकून त्यांची टिपणें सुवाच्य अक्षरांत लिहून काढलीं, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानें तें पुस्तक बांधलें आणि डेव्हींकडे पाठवून दिलें. पुढें तेथील एका साहाय्यकास मारामारीच्या कारणावरून काढून टाकण्यांत आलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं ती जागा या बांधणीवाल्या पोराला मिळाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार व माडीवर राहावयास दोन खोल्या.

त्याच वर्षीं डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले. फॅरडे साहाय्यक म्हणून बरोबर गेला, पण डेव्हींचा नोकर ऐन वेळीं न आल्यामुळें त्याचें कामहि याच्यावर पडलें. डेव्हींची पत्नी त्याला गड्याप्रमाणेंच वागवी. हा अपमान त्याला फार लागला व परत जावें असेंहि मनांत आलें. तरी पॅरिसमध्यें आंपेर आणि मिलानमध्यें व्होल्टा यांचें दर्शन घडत होतें, म्हणून त्यानें तो गिळला. पुढें १८२१ सालीं विजेच्या योगें तार चुंबकाभोंवतीं सतत फिरवून दाखविली, तेव्हां ही कल्पना दुसऱ्याची चोरली असा प्रवाद उठला. आणि १८२३ सालीं रॉयल सोसायटीचा सभासद म्हणून त्याचें नांव सुचविलें गेलें असतां खुद्द डेव्हींनींच विरोध केला. तो निवडून आला. गुरूविषयीं मात्र त्यानें जन्मभर आदरानेंच बोलावें, हें मला त्याच्या कोणत्याहि शोधाइतकेंच अवघड वाटतें.

आतां मुख्य गोष्ट. विजेपासून चुंबकत्व निघतें, हें १८२० सालीं अर्स्टेड यानें दाखविलें होतें. मग चुंबकापासून वीज कां निघूं नये? पुष्कळांनीं तारेजवळ चुंबक ठेवून पाहिला. कांहीं झालें नाहीं. फॅरडेहि त्या दहा वर्षांत अनेकदां अपेशी ठरला. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें सहा इंच व्यासाच्या मऊ लोखंडाच्या कड्यावर समोरासमोर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं; तारा एकमेकींस लागूं नयेत म्हणून मधें सुती कापड घातलें. एका वेटोळ्यास बॅटरी जोडतांच दुसऱ्याजवळची चुंबकसूची हलली, आणि लगेच स्वस्थ झाली. बॅटरी तोडतांच ती पुन्हां हलली, पण उलट दिशेस. मधल्या वेळांत प्रवाह चालू असूनहि सूची ढिम्म!

दुसऱ्या कोणास ही सूचीची क्षुल्लक थरथर वाटली असती. फॅरडेनें ओळखलें कीं, चुंबक नुसता असून भागत नाहीं. त्याचा प्रभाव बदलला पाहिजे. १७ ऑक्टोबरला त्यानें साधा चुंबक वेटोळ्यांत खुपसून व बाहेर ओढून वीज काढली, आणि २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या टोंकांमध्यें तांब्याची चकती फिरवून सतत प्रवाह मिळविला. पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें पिक्सी यानें हातानें फिरवावयाचें यंत्र केलें.

मामांच्या मोटारींतहि हेंच चालतें. इंजिन पट्ट्यानें चुंबक फिरवितें, भोंवतालच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ती फॅरडेच्या सूचीप्रमाणें क्षणांत इकडे, क्षणांत तिकडे वाहते, म्हणून डायोड तिला एकाच दिशेस लावतात. पट्टा ढिला असेल तर नवें यंत्रहि निरुपयोगी. म्हणून मामांनीं तो अंगठ्यानें दाबून पुन्हां पुन्हां पारखला. इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवरचा विद्युद्दाब बारा व्होल्टांवरून चौदांवर गेला, तेव्हांच त्यांनीं हात धुतले.

या शोधावर फॅरडेनें धन मिळविलें नाहीं. कारखानदारांचें सल्ल्याचें काम त्यानें जवळजवळ सोडून दिलें, ‘सर’ ही पदवी नाकारली आणि रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि घेतलें नाहीं. नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्यास मात्र त्याला सदा उत्साह असे. अशा एकोणीस माला त्यानें दिल्या. पन्नाशीच्या सुमारास स्मरणशक्ति दगा देऊं लागली आणि कित्येक दिवस काम बंद ठेवावें लागलें. प्रत्येक प्रयोग रोजनिशींत टिपून ठेवण्याची त्याची जुनी संवय अशा वेळीं कामीं आली. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्पटन कोर्ट येथील घरीं, खुर्चींत बसल्या बसल्या त्याचा अंत झाला.

त्याच्या उतारवयांतील एक हकीकत सांगावयाची राहिली. दीपगृहांच्या व्यवस्थापकांचा तो शास्त्रीय सल्लागार होता. डोव्हरजवळच्या साउथ फोरलंड दीपगृहांत १८५८ सालापासून वाफेच्या इंजिनानें फिरणाऱ्या चुंबकयंत्राचा विजेचा दिवा लावून पाहत होते. १८६० च्या फेब्रुवारींत त्याची तपासणी करण्यास फॅरडे निघाला. हिमवादळांत आगगाडी अडकली, दुसऱ्या दिवशीं रस्ते बर्फानें बुजले आणि त्याला लंडनला परतावें लागलें. त्याच आठवड्यांत तो पुन्हां गेला. रस्ते अजून बंदच होते. तेव्हां अडुसष्ट वर्षांचा हा म्हातारा कुंपणें आणि भिंती ओलांडीत, शेतांतून वाट काढीत दीपगृहापर्यंत पोंचला, आणि दिव्याची सर्व चौकशी व निरीक्षणें पुरीं करूनच परतला.