नाव न आवडलेला हॅस्केल

फंक्शनल प्रोग्रॅमिंगचं पहिलं प्रॅक्टिकल झालं असेल, तर हा दणका तुम्हालाही बसला असेल. दहा आकड्यांचा व्हेक्टर आहे, तिसऱ्या जागी नवा आकडा घुसवायचाय. सी प्लस प्लसमध्ये ही एका ओळीची गोष्ट. हॅस्केलमध्ये मात्र आहे तो व्हेक्टर बदलतच नाही! पहिले दोन आकडे घ्या, नवा जोडा, उरलेले आठ जोडा. हाती येतो तो अकरा आकड्यांचा नवा व्हेक्टर आणि जुना होता तसाच.

ही भाषा ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो हॅस्केल करी. (मेनूकार्डातली करी नव्हे, आडनावच तसं!) त्याचा जन्म १९०० चा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिलिसचा. आईवडील वक्तृत्वाची शाळा चालवायचे. १९१६ मध्ये पठ्ठ्या हार्वर्डला गेला तो डॉक्टर व्हायला. मग मेडिकल सोडून गणित. १९२० मध्ये पदवी मिळाल्यावर एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, तेही सोडलं. १९२४ मध्ये फिजिक्सची मास्टर्स, आणि पुन्हा गणित. आपल्याकडे एव्हाना दोन काका आणि एक मावशी समजूत काढायला घरी येऊन गेले असते.

पण या सगळ्या धरसोडीत एक प्रश्न त्याने धरून ठेवला. रसेल आणि व्हाइटहेडच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'त एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवायचा नियम आहे. आपण ते वहीत सहज करतो, पण नियम नेमका लिहायला गेलं की भलताच गुंतागुंतीचा होतो. तो सुट्या, सोप्या तुकड्यांत मांडता येईल का, हे करीला शोधायचं होतं. १९२७ मध्ये प्रिन्स्टनला शिकवत असताना त्याच्या हाती मोझेस शॉनफिंकेलचा १९२४ चा पेपर पडला. बरंचसं काम आधीच झालेलं! रिसर्च करणाऱ्या कुणालाही विचारा, पोटात काय गोळा येतो ते. करी सरळ जर्मनीत गटिंगेनला गेला. शॉनफिंकेल तिथून आधीच निघून गेला होता. तरी हिल्बर्टच्या हाताखाली १९३० मध्ये करीने पीएचडी मिळवली.

त्याची कॉम्बिनेटरी लॉजिक म्हणजे एक्स, वाय ही चलं न वापरता, छोटी फंक्शन्स एकमेकांना जोडून तर्क मांडणं. १९३५ मध्ये क्लीनी आणि रॉसर यांनी त्याच्या मांडणीत विसंगती दाखवली. करीने ती झाकली नाही, उलट चिरफाड करून १९४२ मध्ये आणखी सोप्या रूपात मांडली. 'करीचा पॅराडॉक्स' तो हाच.

करीने व्हेक्टर घडवला नाही, हे खरं. पण मूल्य बदलायचं नाही, फंक्शन लावून नवं मिळवायचं, या विचाराची मुळं त्याच्या आणि अलोन्झो चर्चच्या कामात आहेत. याची किंमतही असते बरं. लाखभर घटकांच्या व्हेक्टरमध्ये एक घुसवला की अख्खा लाख कॉपी होतो, आणि हे लूपमध्ये केलंत तर प्रोग्रॅम रांगायला लागतो. लिस्टच्या डोक्यावर जोडणं स्वस्त, कारण जुनी लिस्ट तशीच मागे लटकते. सारखं मधेच घुसवायचं असेल तर 'डेटा.सीक्वेन्स' वापरा. आत झाड असतं, त्यातल्या थोड्याच गाठी नव्या बनतात, बाकीचं झाड जुनं आणि नवं मिळून वापरतात. परीक्षेत हा फरक विचारतातच.

पेन स्टेटमध्ये १९२९ पासून १९६६ पर्यंत शिकवून करी अ‍ॅमस्टरडॅमला गेला, १९७० मध्ये परतला आणि १९८२ मध्ये वारला. भाषेचं काम १९८७ मध्ये सुरू झालं, म्हणजे ती त्याने पाहिलीच नाही. नाव ठरल्यावर समितीतले दोघे परवानगी मागायला त्याच्या पत्नीकडे, व्हर्जिनियाकडे गेले. तिने छान पाहुणचार केला, होकार दिला आणि निघताना सांगितलं, की हॅस्केलला स्वतःचं हे नाव कधीच आवडलं नव्हतं.