एका गुणाची कथा : डॉ. कादंबिनी गांगुली यांचे जीवन

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रसिद्ध होते. तीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविलेल्या मुलामुलींची नावे आली म्हणजे घरोघरी त्या नावांवर बोट ठेवून आपापल्या पाल्यांना ती दाखविली जातात. यात गैर काहीच नाही. परंतु पुढे त्याच नामावलीतील एखादा विद्यार्थी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाला, म्हणजे त्याच्या घरी जणू सुतक पाळले जाते. आईबाप चारचौघांत जाणे टाळतात आणि मूल तर तोंडच लपविते. असे प्रसंग पाहून माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला फार वाईट वाटते. वैद्यकीच्या शिक्षणात गुणांचे मोल खरोखर किती, हा प्रश्न अशा वेळी मनात उभा राहतो. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका थोर स्त्रीच्या चरित्राने द्यावे, असे वाटल्यावरून पुढील हकीकत सादर करीत आहे.

कादंबिनी बसू यांचा जन्म १८६१ साली बिहारमधील भागलपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पूर्व बंगालमधील बारिसाल भागातले. वडील ब्रजकिशोर बसू हे भागलपूरच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि ब्राह्मसमाजाचे अनुयायी होते. स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी १८६३ साली भागलपुरात एका महिला समितीच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना बापाने हे कार्य आरंभिले, यावरून त्या घरातील वातावरणाची कल्पना येईल. मुलींनी अक्षरओळखही करून घेऊ नये असे मानणारा तो काळ. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत बंगालमध्ये तशीच आपल्याकडेही होती.

पुढे कादंबिनीबाई शिक्षणासाठी कलकत्त्यास आल्या. तेथे बंग महिला विद्यालय नावाची मुलींची शाळा होती. त्या शाळेत द्वारकानाथ गांगुली हे निष्ठावान शिक्षक होते. पुढे ही शाळा बेथून शाळेत विलीन झाली. १८७८ साली कादंबिनीबाई कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, म्हणजे आपल्याकडील मॅट्रिकच्या तोडीची परीक्षा, उत्तीर्ण झाल्या. हा मान मिळविणारी ही पहिली कन्या. मुलगी परीक्षा उतरली खरी, पण तिने पुढे शिकावे कोठे? मुलींसाठी कॉलेज नव्हते. तेव्हा सरकारने बेथून शाळेतच कॉलेजचे वर्ग सुरू केले आणि आरंभी त्या वर्गात विद्यार्थिनी एकच होती, ती म्हणजे आपली चरित्रनायिका. एका मुलीसाठी कॉलेज उघडावे, ही घटना त्या काळी केवढी अपूर्व असेल!

१८८२ च्या अखेरीस कादंबिनीबाई आणि चंद्रमुखी बसू या दोघी बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या व १८८३ च्या पदवीदान समारंभात त्यांना पदव्या मिळाल्या. हिंदुस्थानात कला शाखेची पदवी मिळविणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया होत.

येथवर आल्यावर कोणीही समाधान मानले असते. परंतु कादंबिनीबाईंना वैद्य व्हावयाचे होते. कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ साली स्थापन झाले होते, पण जवळजवळ अर्धशतक उलटले तरी तेथे स्त्रीला प्रवेश नव्हता. काही बंगाली मुली यासाठी दूर मद्रासला गेल्या होत्या. आपल्या समाजातील अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करीत. बाळंतपणात किती माता दगावत, याची मोजदादच नव्हती. अशा वेळी स्त्री वैद्याची केवढी गरज होती, हे सांगावयास नको. तरीही कॉलेजातील अनेक अध्यापकांचा विरोध होता. अखेर सरकारने आपले वजन खर्च केले आणि जून १८८३ मध्ये कादंबिनीबाईंना प्रवेश मिळाला. दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्तीही त्यांना मंजूर झाली.

त्याच महिन्यात त्यांचा विवाह द्वारकानाथ गांगुली यांच्याशी झाला. द्वारकानाथ विधुर होते, वयाने बरेच मोठे होते आणि त्यांना पहिल्या पत्नीपासून मुले होती. या विवाहावर बरीच टीका झाली. परंतु पुढील आयुष्यात पतीने पत्नीच्या विद्येची जी पाठराखण केली, ती पाहता टीकाकारांचे तोंड आपोआप बंद झाले असावे. विवाह, सावत्र मुले आणि वैद्यकीचा कठीण अभ्यास, ही तिन्ही ओझी कादंबिनीबाईंनी एकदम उचलली. विद्यार्थिदशेतच त्यांना अपत्य झाले. प्रसूतीसाठी त्या केवळ तेरा दिवस गैरहजर राहिल्या, ही हकीकत विलायतेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कानावर गेली होती व त्यांनी १८८८ साली आपल्या एका पत्रात ती मोठ्या कौतुकाने लिहिली. ज्या घरांत आज मुलीचे लग्न झाले म्हणून तिचे शिक्षण थांबविले जाते, त्या घरांनी हे तेरा दिवस ध्यानात ठेवावेत.

आता आपण त्या एका गुणापाशी येतो. वैद्यकीच्या परीक्षेत कादंबिनीबाईंचे बहुतेक विषय उत्तम रीतीने सुटले, पण एका विषयात त्या अनुत्तीर्ण ठरल्या. स्त्रियांनी वैद्यकी शिकू नये अशा मताचे एक अध्यापक परीक्षक होते आणि त्यांच्या हातून अवघा एक गुण कमी पडला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. परिणाम असा झाला की विद्यापीठाची एम. बी. ही पदवी त्यांना मिळू शकली नाही. तेव्हा कॉलेजच्या प्रमुखांनी आपल्या अधिकारात त्यांना बंगाल मेडिकल कॉलेजच्या पदवीधर असे मानपत्र दिले. हे १८८६ साल होय. त्यामुळे रोगी तपासण्याचा अधिकार त्यांना मिळाला. त्याच १८८६ च्या मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. आनंदीबाई मायदेशी परतल्या, पण क्षयाने त्यांना गाठले व फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातून रोगीसेवा घडावयाची राहूनच गेली. त्यामुळे या देशात राहून, येथेच पाश्चात्त्य वैद्यक शिकून, प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत कादंबिनीबाईंचे स्थान अग्रभागी आहे.

या ठिकाणी मी शिक्षक म्हणून दोन शब्द लिहितो. पस्तीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासल्या. एका गुणाने उतरलेला आणि एका गुणाने राहिलेला, या दोन मुलांच्या ज्ञानात फारसे अंतर नसते, हे तपासणाराला पक्के ठाऊक असते. तरीही रेघ कोठेतरी ओढावीच लागते. त्यातून वैद्यकीची रेघ ही निष्पाप रोग्याच्या रक्षणासाठी ओढलेली असते. औषधाची मात्रा चुकली तर शाई खोडून दुरुस्त करता येत नाही. म्हणून वैद्यकीत गुणांना महत्त्व नाही असे म्हणणे मला मान्य नाही. परंतु ती रेघ ओढणारा हात माणसाचा असतो आणि त्या हाताला राग, लोभ व पूर्वग्रह चिकटलेले असू शकतात, हेही तितकेच खरे. अशा वेळी अनुत्तीर्ण झालेल्याने करावे काय? कादंबिनीबाईंनी जे केले, त्यातच याचे उत्तर आहे.

त्यांनी प्रथम मिळालेल्या अधिकाराने कामास आरंभ केला. १८८८ च्या सुमारास कलकत्त्याच्या लेडी डफरिन स्त्री रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. पगार तीनशे रुपये होता. त्या काळच्या मानाने ही रक्कम भरघोस होती. खाजगी रोगीही येऊ लागले. घोडागाडीतून रोग्यांच्या घरी जाता-येता त्यांच्या हातात लेस विणण्याचे नाजूक काम असे. रिकामा क्षण त्यांना ठाऊकच नव्हता. परंतु विद्यापीठाची पदवी नसल्याची खोट जागोजागी जाणवे. युरोपियन डॉक्टरणींच्या तुलनेत त्यांना कमी लेखले जाई. काही घरांत तर त्यांना सुईणीच्याच पंक्तीला बसवीत.

याहून मोठा घाव १८९१ साली बसला. बंगवासी या सनातनी वृत्तपत्राने, बाहेर पडून काम करणाऱ्या या कुलस्त्रीच्या चारित्र्यावर अत्यंत हीन शब्दांत शिंतोडे उडविले. गांगुली पतिपत्नींनी मूग गिळून बसण्याचे नाकारले. डॉ. नीलरतन सरकार आणि शिवनाथ शास्त्री यांच्यासारखे सज्जन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि संपादकास सहा महिने कैद व शंभर रुपये दंड झाला. व्यवसायी स्त्रीच्या अब्रूचे रक्षण कायद्याने होऊ शकते, हे त्या निकालाने समाजाला दाखवून दिले.

बदनामीचे उत्तर न्यायालयात मिळाले. कमी पडलेल्या गुणाचे उत्तर मात्र परीक्षेच्या दालनातच द्यावयास हवे, हे कादंबिनीबाईंनी ओळखले होते. वास्तविक त्यांचे वय तिशीच्या पुढे गेले होते, घरात मुलेबाळे होती, व्यवसाय चालू होता. तरीही १८९३ साली मुलांना घरी ठेवून त्या सातासमुद्रांपलीकडे गेल्या. एडिंबरोच्या वैद्यक महाविद्यालयाची, तेथीलच शल्यचिकित्सक महाविद्यालयाची आणि ग्लासगोच्या वैद्य व शल्यचिकित्सकांच्या संस्थेची, अशा तीन संस्थांच्या परवाना परीक्षा त्या त्याच वर्षी उत्तीर्ण झाल्या. एका विषयात नाकारल्या गेलेल्या विद्यार्थिनीने परमुलखात, परक्या परीक्षकांसमोर, एकाच वेळी तीन बिरुदे मिळविली! मायदेशी परतल्यावर त्यांच्या योग्यतेबद्दल शंका घेण्यास कोणाला जागा उरली नाही. त्यांची कीर्ती दूरवर पसरली आणि नेपाळच्या राजघराण्यातूनही त्यांना उपचारासाठी बोलावणे आले.

या सर्व व्यापात त्यांनी देशकार्याकडे पाठ फिरविली नाही. १८८९ साली आपल्या मुंबईत राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन भरले. त्या वेळी प्रथमच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या. त्यांत आपल्या पंडिता रमाबाई होत्या, तशाच बंगालमधून आलेल्या कादंबिनीबाईही होत्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात त्यांनी व्यासपीठावरून आभाराचे भाषण केले. १८९८ साली पतीचे निधन झाले, पण त्यांनी सेवाव्रत सोडले नाही. १९२२ साली, साठी उलटल्यावर, कवयित्री कामिनी राय यांच्यासमवेत त्या बिहार व ओरिसातील खाणींत राबणाऱ्या स्त्रियांची स्थिती पाहण्यास गेल्या होत्या. त्यांची कन्या ज्योतिर्मयी पुढे स्वातंत्र्यलढ्यात सामील झाली. त्यांची सावत्र कन्या विधुमुखी ही प्रसिद्ध बंगाली लेखक उपेंद्रकिशोर राय चौधरी यांची पत्नी. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे त्यांचे नातू होत.

३ ऑक्टोबर १९२३ रोजी कादंबिनीबाई नित्याप्रमाणे कामास गेल्या. त्या दिवशीही एक शस्त्रक्रिया उरकून त्या घरी परतल्या आणि थोड्याच वेळात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. कामाच्या दिवशी, काम संपवून, निरोप घेण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेल्या स्त्रीने आपल्या डॉक्टरणीला १८८६ साली किती गुण मिळाले होते, हे विचारले नसेल. तिने पाहिला असेल तो हात आणि त्या हातावरचा विश्वास. परंतु तो हात तेथवर पोहोचण्यासाठी कादंबिनीबाईंना परीक्षेच्या दारातूनच जावे लागले आणि एक दार बंद झाले तेव्हा त्यांनी दुसरी तीन दारे ठोठावली. गुण हे वैद्यकीचे दार आहे. दारावाचून घरात जाता येत नाही, पण दारातच कोणी संसार मांडीत नाही. आत गेल्यावर रोग्याजवळ रात्र जागविणे, चुकल्यास कबूल करणे आणि आयुष्यभर शिकत राहणे, यांना कोणत्याही गुणपत्रिकेत रकाना नसतो.

म्हणून आपल्या ज्ञातीतील जे विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माते होण्यासाठी शिकत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. अभ्यासात कसूर करू नका, कारण तुमचा चुकलेला प्रश्न उद्या कोणाच्या जिवावर बेतू शकतो. परंतु एखादा विषय राहिला तर पुस्तक मिटू नका, पुन्हा उघडा. आणि पालकांना विनंती एवढीच, की त्या दिवशी मुलाला जेवायला हाक मारा, त्याच्या शेजारी बसा आणि त्याला कादंबिनीबाईंची ही गोष्ट सांगा. पुढील वर्षीच्या नामावलीत एखादे नाव उशिरा आले, तरी ते नाव आपलेच आहे, याचा कोणालाही विसर पडू नये.