जमिनीचा विश्वासू कारभारी : डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबांचा चरितार्थ जमिनीवर चालतो. तथापि उपासनेच्या वेळी अंतःकरणाच्या मशागतीविषयी आम्ही जितके बोलतो, तितके शेताच्या मशागतीविषयी बोलत नाही. एक काम परमेश्वराचे व दुसरे केवळ पोटाचे, अशी समजूत पुष्कळांच्या मनात घर करून असते. ज्यांनी ह्या दोहोंत कधीच भेद केला नाही, अशा एका ख्रिस्तभक्ताचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. वीणा गवाणकर ह्यांनी 1981 साली लिहिलेल्या एक होता कार्व्हर ह्या पुस्तकामुळे त्यांचे नाव मराठी घरांत परिचित झाले आहे. परंतु झिजलेल्या जमिनीस त्यांनी पुन्हा कसकशी करविली, हे भुईमूग पेरणाऱ्या आमच्या बांधवांनी विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे.

कार्व्हर ह्यांचा जन्म अमेरिकेतील मिसूरी प्रांतात, डायमंड नावाच्या खेड्याजवळ, 1864 च्या सुमारास झाला. जन्माची निश्चित तिथी कोणास ठाऊक नाही. गुलाम स्त्रीच्या लेकराची नोंद कोण ठेवणार? त्यांची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीची होती. अंतर्युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी ह्या मायलेकरांस पळवून नेले. मोझेस ह्यांनी त्यांच्या शोधास माणूस पाठविला. लेकरू सापडले, पण आईचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही. मुलाच्या बदल्यात मोझेस ह्यांनी एक घोडा दिला असे सांगतात. पुढे 1865 साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, आणि मोझेस व त्यांची पत्नी सुसान ह्या निपुत्रिक दांपत्याने जॉर्जला आपल्या घरीच वाढविले.

जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड काम त्याच्याने होत नसे. म्हणून तो घरात सुसानबाईंच्या हाताखाली शिवणटिपण, स्वयंपाक व कपडे धुणे शिकला, आणि उरलेला वेळ रानात घालवू लागला. कोमेजलेली रोपे आणून तो ती जगवी, त्यामुळे शेजारीपाजारी त्यास झाडांचा वैद्य म्हणू लागले. सुमारे दहा वर्षांचा असताना एका गोऱ्या मुलाने त्यास प्रार्थना म्हणजे काय ते सांगितले. तेव्हा तो धान्याच्या माळ्यावर गेला, आणि मक्याच्या पिंपाजवळ गुडघे टेकून त्याने आपल्या जीवनातील पहिली प्रार्थना केली. तेथे ना पाळक होता, ना मंदिर. तथापि आपला विश्वास त्याच दिवशी सुरू झाला, असे ते पुढे सांगत असत.

जवळच्या शाळेत कृष्णवर्णी मुलांस प्रवेश नव्हता. म्हणून जॉर्ज सुमारे आठ मैलांवरील निओशो गावी गेला. तेथे मराया वॉटकिन्स नावाच्या कृष्णवर्णी बाईंनी त्यास आपल्या घरी आश्रय दिला. त्या सुईणीचे व धुण्याचे काम करीत असत. त्यांनी त्यास पवित्र शास्त्राची गोडी लावली. त्यानंतर कॅन्सस प्रांतात लोकांचे कपडे धुऊन व स्वयंपाक करून त्यांनी आपले शिक्षण चालविले. तेथील एका कॉलेजाने पत्रद्वारे प्रवेश दिला. परंतु उमेदवार दारात उभा राहिला आणि त्याचा वर्ण दिसला, तेव्हा त्यास परत पाठविले. हे दुःख लहान नव्हते. तरीही त्यांनी मन कडू होऊ दिले नाही. 1890 साली आयोवा प्रांतातील सिम्सन कॉलेजाने त्यांस घेतले. तेथे ते चित्रकला शिकत असता, त्यांची वनस्पतींची आवड पाहून त्यांच्या शिक्षिकेने त्यांस एम्स येथील कृषी महाविद्यालयात जाण्याचा सल्ला दिला. 1891 साली ते तेथे दाखल झाले, 1894 साली पदवीधर झाले व 1896 साली त्यांनी वरची पदवी मिळविली.

त्याच वर्षी अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथून त्यांस बोलावणे आले. बुकर टी. वॉशिंग्टन, जे स्वतः गुलामगिरीत जन्मले होते, त्यांनी तेथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णी लोकांसाठी 1881 साली एक शिक्षणसंस्था उभारली होती. एम्स येथे सुस्थितीची नोकरी असताही कार्व्हर ती सोडून आपल्या दरिद्री बांधवांकडे गेले. तेथे प्रयोगशाळा नव्हती, उपकरणे नव्हती. तेव्हा विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन त्यांनी उकिरडे धुंडाळले, आणि फेकलेल्या बाटल्या, बरण्या व डबे आणून त्यांचीच उपकरणे केली.

प्रयोगासाठी मिळालेली जमीन कोठे रेताड, कोठे चिकणवट, पण सर्वत्रच झिजलेली होती. वर्षानुवर्षे कापसावर कापूस पेरल्याने तिचा कस निघून गेला होता, आणि पावसाच्या पाण्याने तिच्यात घळी पडल्या होत्या. त्या मुलखातील शेतकरी बहुधा बटाईने शेती करीत. बियाणे उधार, खत उधार, खाणेही उधार. पीक हाती येण्यापूर्वीच ते सावकाराकडे गहाण पडलेले असे. अशा माणसास दुकानातील खत वापर म्हणून सांगणे हे त्याचे कर्ज वाढविण्यासारखेच होते. म्हणून कार्व्हर ह्यांनी आधी त्याच्या हाताशी काय आहे ते पाहिले. रानातील कुजका पाला, दलदलीतील काळा गाळ, गोठ्यातील शेण व कुंपणाच्या कोपऱ्यातील केरकचरा, हे सर्व फुकट मिळणारे धन आहे, असे त्यांनी दाखवून दिले. 1905 साली झिजलेली जमीन सुधारण्याविषयी त्यांनी एक पत्रिका प्रसिद्ध केली, व 1936 साली, वृद्धपणी, त्याच विषयावर पुन्हा एक काढली.

त्यांची कृती सोपी होती. एक आवार करावे. त्यात दोन गाड्या पालापाचोळा पसरावा, त्यावर एक गाडी शेण घालावे, मग पुन्हा पाला व गाळ, असे थरावर थर रचावे. वरचा भाग पाणी निथळून जाईल असा गोलसर करावा, नाही तर वर साधे छप्पर घालावे. पेरणीच्या दिवसांपर्यंत त्याचे उत्तम खत होते. ह्याच्या जोडीला ते चवळीसारखे द्विदल पीक आळीपाळीने घ्यावयास सांगत, कारण द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीत आणतात. विकतच्या खतांचा त्यांनी तिरस्कार केला नाही. त्यांच्या प्रयोगांत तीही होती. पण घरचे खत ते प्रथम मानीत, आणि विकतचे उणीव भरून काढण्यापुरते.

अंजिराच्या निष्फळ झाडाचा दाखला वाचकांस ठाऊक आहे. धनी ते झाड तोडावयास निघाला, तेव्हा माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली, आणि भोवती खणून खत घालण्याचे कबूल केले. कार्व्हर ह्यांनी अलाबामाच्या जमिनीसाठी, आणि जगाने टाकाऊ ठरविलेल्या आपल्या लोकांसाठीही, हेच माळ्याचे काम केले.

इतक्यात एक मोठे संकट आले. बोंड पोखरणारा एक सोंड्या किडा 1892 साली मेक्सिकोतून टेक्सास प्रांतात शिरला होता. तो सरकत सरकत 1910 च्या सुमारास अलाबामात पोहोचला आणि कापूस बुडू लागला. कार्व्हर ह्यांनी पूर्वीपासूनच चवळी, रताळी व भुईमूग लावण्याचा आग्रह धरला होता. आता लोक ऐकू लागले. 1916 साली त्यांनी 31 व्या क्रमांकाची पत्रिका काढली. तिच्यात भुईमूग कसा पिकवावा हे सांगून त्यापासून खाण्याचे 105 प्रकार दिले होते. जे टस्कीगीस येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी 1906 सालापासून एक गाडी अवजारे व बियाणे घेऊन खेडोपाडी फिरत असे. शेतकऱ्याने शाळेकडे यावे म्हणून थांबू नये, शाळेनेच बांधावर जावे, हा तिचा हेतू.

हा सर्व उपदेश आमच्या शिवारास कसा लागू पडतो, हेही येथे सांगितले पाहिजे. भुईमुगाचे फूल जमिनीवर येते, पण शेंग जमिनीत धरते. फुलापासून निघालेली आरी भुसभुशीत मातीत सहज शिरते. म्हणून हलकी ते मध्यम, रेतीमिश्रित व पाण्याचा निचरा होणारी जमीन त्यास मानवते. भारी चिकण काळ्या जमिनीत पाणी साचते, वाळल्यावर ती घट्ट होते, आणि उपटताना शेंगा आतच तुटून राहतात. चांगले कुजलेले शेणखत दोन्ही जमिनींस उपकारक आहे. रेताड जमीन त्यामुळे ओल धरते, व चिकण जमीन मोकळी होते. मात्र अर्धे कच्चे शेण घातल्यास हुमणीचा उपद्रव वाढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाढणाऱ्या शेंगेस लागणारा चुन्याचा अंश ती मुख्यतः आपल्या भोवतालच्या मातीतून घेते, मुळांवाटे तिला तो फारच थोडा पोहोचतो. तो कमी पडला की शेंगा पोचट राहतात. म्हणून आऱ्या सुटण्याच्या वेळी झाडाच्या बुडाशी जिप्सम देतात. कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीत चुना घालणे हिताचे असते. भुईमूग स्वतःच्या गाठींतून नत्र मिळवीत असल्यामुळे त्यास युरिया भारंभार घातला तर पाला माजतो व शेंगा कमी धरतात. आपल्या राज्यात सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद पेरणीबरोबर, आणि 400 किलो जिप्सम, अर्धे पेरणीस व अर्धे आऱ्या सुटताना, अशी आहे. परंतु माती तपासून घेतल्यावाचून पैसा खर्च करू नये. शेंगा काढल्यावर वेल गुरांस घालावे व त्यांचे शेण पुन्हा त्याच शेतात न्यावे. सर्वच उचलून नेले आणि काहीच परत दिले नाही, तर भुईमुगानेही जमीन उघडी पडते.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. 1921 च्या जानेवारीत भुईमूग पिकविणाऱ्यांच्या वतीने कार्व्हर अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या समितीपुढे उभे राहिले. परदेशी शेंगांवर जकात असावी, हे त्यांचे मागणे होते. त्यांस दहा मिनिटे मिळाली होती. एका सभासदाने त्यांच्या वर्णास अनुलक्षून टोमणा मारला. त्यांनी शांतपणे आपले पदार्थ एकामागून एक दाखविणे चालू ठेवले. शेवटी समितीनेच त्यांस हवा तितका वेळ बोलू दिले. 1922 च्या कायद्यात ती जकात बसली.

ख्रिस्ती माणसाने थोरांची स्तुती करतानाही सत्य सोडू नये. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर ह्यांनी शोधले असे पुष्कळ जण म्हणतात, पण ते त्यांच्या आधीपासून होते. शेंगेपासून त्यांनी तीनशे पदार्थ केले अशी ख्याती आहे. त्यांपैकी बाजारात फारच थोडे टिकले. दक्षिणेतील शेती त्यांनी एकट्याने पालटली हेही खरे नव्हे. त्या कामास अनेकांचे हात लागले. त्यांची खरी थोरवी अशी की, दरिद्री शेतकऱ्याची भाकर व त्याची माती हा विद्वत्तेस योग्य विषय आहे असे त्यांनी मानले, आणि त्यासाठी आपली सत्तेचाळीस वर्षे वेचली.

सुमारे तीस वर्षे ते विद्यार्थ्यांसाठी पवित्र शास्त्राचा वर्ग घेत असत. पहाटे ते रानात जात, व तेथे आपल्या उत्पन्नकर्त्याशी बोलून मग कामास लागत. त्यांनी लग्न केले नाही, डामडौल केला नाही. 1940 साली त्यांनी संशोधनासाठी एक निधी स्थापन करून आपली आयुष्याची शिल्लक त्यास दिली. 5 जानेवारी 1943 रोजी ते प्रभूमध्ये झोपी गेले. टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांच्या शेजारी त्यांची कबर आहे.

प्रिय बांधवांनो, आमच्यापैकी पुष्कळांची शेते खडकाळ, उताराची, गावाच्या टोकाची आहेत. जशी जमीन तसेच आमचे नशीब, असे म्हणून आम्ही हात जोडून बसतो, किंवा शेजाऱ्याचे पाहून उधारीने पोत्यांवर पोती आणतो. ह्या दोन्ही वाटा कार्व्हर ह्यांनी टाळल्या. बागेची मशागत व राखण करण्यास परमेश्वराने मनुष्यास नेमिले; जमीन त्याची, आम्ही कारभारी. येत्या पेरणीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरामागे एक खड्डा खणावा, आणि जो केर आम्ही जाळून टाकतो तो त्यात घालावा. उपदेशकांनी आपल्या अंगणात तो आधी करून दाखवावा. ज्याने पाच भाकरींनंतर उरलेले तुकडेही वाया जाऊ दिले नाहीत, तो प्रभू आमच्या हातांस असे विश्वासू कारभारीपण देवो.