कर्मवीरांचे वसतिगृह

खेड्यातील मुलाला शाळा हवी असते. परंतु ती शाळा गावापासून दूर असेल, तर त्याला राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्नही हवे असते. ही साधी गोष्ट ज्यांनी पुरती ओळखली, ते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. अभ्यासापेक्षा कुस्तीत त्यांचे मन अधिक रमे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्या नगरात एक वसतिगृह निघाले, तेव्हा त्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असा व्यवस्थापकांचा हुकूम झाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि वसतिगृह सोडले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. परंतु शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

पुढे लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांचे अज्ञान आणि त्यांवर चढणारे कर्ज त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. नावातच हेतू आला.

१९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. कित्येक पालकांनाही ती रुचत नसे. मुले आपला स्वयंपाक आपणच करीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि मग अभ्यासाला बसत. गावोगावी मागून आणलेल्या धान्यावर भटारखाना चाले. १९२७ साली महात्मा गांधी येथे आले आणि वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

या मुलांची आई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या सुखवस्तू घरच्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. तरीही ही सारी मुले त्यांनी आपली मानली. माहेरचे दागिने एकेक करून मुलांच्या अन्नासाठी गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी राहणार! अंगावर सोने उरले होते ते केवळ मंगळसूत्राचे. सौभाग्याचे हे लेणे स्त्रिया प्राणापलीकडे जपत. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले आणि त्या दिवशी चूल पेटली. १९३० साली त्या निवर्तल्या. माझ्या मते संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा भाऊरावांच्या बरोबरीचा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

‘कमवा आणि शिका’ ही योजना भाऊरावांनी पुढे महाविद्यालयातही नेली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. आमच्या विचुंब्याजवळ, पनवेल येथे असलेले महात्मा फुले महाविद्यालय हेही रयत शिक्षण संस्थेचेच.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने या मॅट्रिकही न झालेल्या गृहस्थास डी. लिट. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे.