विश्लेषण : आजारपणात आधार देणारा टाटा न्यास कसा उभा राहिला? सर दोराबजींच्या अखेरच्या वर्षाची गोष्ट

घरात कर्करोगाचे किंवा अशाच एखाद्या मोठ्या आजाराचे निदान झाले की पहिला प्रश्न उपचाराचा असतो आणि दुसरा पैशाचा. दुसरा प्रश्न बऱ्याचदा पहिल्याच्या आधी येतो. रुग्णालयाने खर्चाचे अंदाजपत्रक हातात ठेवल्यावर नातेवाईक समाजसेवा विभागाच्या खिडकीशी जातात. मदत करू शकतील अशा न्यासांची नावे तिथे मिळतात. टाटा न्यासांचे नाव या संदर्भात हमखास निघते आणि त्यातला एक मोठा न्यास आहे सर दोराबजी टाटा ट्रस्ट. हे दोराबजी कोण, आपली सगळी मालमत्ता त्यांनी अशा कामासाठी का दिली आणि ती देण्याआधी आठ वर्षे ती जवळपास बुडाली कशी होती, हे समजून घेऊ.

दोराबजी टाटा कोण होते?

जमशेटजी टाटा आणि हिराबाई यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म मुंबईचा, २७ ऑगस्ट १८५९. मुंबईत शाळा, मग इंग्लंडमध्ये केंब्रिजला दोन वर्षे आणि परत आल्यावर सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये पदवी. केंब्रिजमध्ये क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये नाव कमावले. पदवीनंतर घरच्या पेढीवर न बसता काही काळ त्यांनी एका मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात बातमीदारी केली, हे आमच्या डेस्कवर फार थोड्यांना ठाऊक होते.

१८८४ मध्ये ते वडिलांच्या कापूस व्यवसायात आले. पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी काम शिकले. या विषयासाठी एम्प्रेस मिल महत्त्वाची आहे. जमशेटजींनी तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई. कामगार भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये. यंत्रात हात गेलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटणार, या प्रश्नाचे उत्तर मालकाने द्यायचे असते, ही गोष्ट दोराबजींनी तरुणपणीच कारखान्यात पाहिली होती.

१८९८ मध्ये त्यांचे लग्न मेहरबाई भाभा यांच्याशी झाले. म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख असलेल्या होरमसजी भाभांची ही मुलगी. दोराबजी ३८ वर्षांचे, मेहरबाई १८ वर्षांच्या. पुढे अणुशास्त्रज्ञ झालेले होमी भाभा हे मेहरबाईंच्या भावाचे पुत्र. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या आणि बालविवाहाविरोधात जाहीरपणे बोलणाऱ्या मेहरबाईंवर स्वतंत्र लेख होऊ शकतो. दोघांना मूल नव्हते.

वडिलांचे अपुरे काम कसे पूर्ण झाले?

जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत वारले, तेव्हा पोलाद कारखाना, वीज प्रकल्प आणि विज्ञान संस्था या तिन्ही गोष्टी कागदावर होत्या. लोहखनिजाच्या शोधात दोराबजी मध्य प्रांतात भटकले होते. हाती फारसे काही लागले नाही म्हणून ते नागपुरात सरकारी अधिकाऱ्याला तसे सांगायला गेले. वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे लावलेल्या भूगर्भीय नकाशात त्यांना दुर्गजवळ लोहखनिजाच्या खुणा दिसल्या. शेवटी कारखाना तिथे न होता सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकचीला झाला, पण शोध बंद पडला नाही तो त्या नकाशामुळे.

१९०७ मध्ये कंपनीची स्थापना झाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा समभाग भारतातच विकायला काढले. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी मिळून २ कोटी ३२ लाख रुपये उभे केले. १९१२ मध्ये पहिले पोलाद बाहेर आले. त्याच वर्षी तिथे आठ तासांचा दिवस लागू झाला आणि १९१५ मध्ये कामगारांना मोफत औषधोपचार मिळू लागले. साकचीचे जमशेदपूर झाले ते १९१९ मध्ये. दोराबजींना १९१० मध्येच सर किताब मिळाला होता. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने खेळाडू गेले, त्यांच्या खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला होता.

सगळेच चित्र इतके सोज्वळ नाही. वीजनिर्मितीसाठी टाटांच्या कंपनीने मुळशीला धरण बांधले, त्यात मावळातील शेतकऱ्यांची घरे आणि भातशेती बुडाली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून तिथे सत्याग्रह झाला आणि तो हरला. दोराबजी तेव्हा समूहाचे प्रमुख होते. पुढे दानात गेलेल्या पैशाचा उगम पाहताना मुळशी वगळून चालणार नाही, असे आम्हाला वाटते.

१९२४ मध्ये नेमके काय घडले?

पहिल्या महायुद्धात रेल्वेचे रूळ आणि पोलाद यांना प्रचंड मागणी होती. त्या भरवशावर जमशेदपूरचा मोठा विस्तार हाती घेतला गेला. युद्ध संपले, यंत्रसामग्रीचे भाव चढले आणि परदेशी स्वस्त पोलाद भारतात येऊन पडू लागले. जमशेदपूरच्या कच्च्या लोखंडाचा मोठा ग्राहक जपान होता आणि तिथे १९२३ मध्ये भीषण भूकंप झाला. कारखान्याची रोकड आटली. १९२४ मध्ये जमशेदपूरहून मुंबईला तार आली की पगाराला पैसे नाहीत.

दोराबजींनी स्वतःची जवळपास सगळी खासगी मालमत्ता इम्पिरिअल बँकेकडे, म्हणजे आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वसुरीकडे, तारण ठेवली आणि १ कोटी रुपयांचे कर्ज काढले. त्या तारणात मेहरबाईंचे दागिनेही होते. त्यातला सर्वांत प्रसिद्ध जुबिली हिरा. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत १८९५ मध्ये सापडलेला आणि पैलू पाडल्यावर २४५ कॅरेटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीसाठी मालकाने घरातले दागिने तारण ठेवायची कायद्याने काही गरज नव्हती. कंपनी बुडाली असती तरी टाटांचे घर शाबूत राहिले असते.

त्याच वर्षी सरकारने देशी पोलादाला आयात शुल्काचे संरक्षण दिले. कारखाना सावरला, कर्ज फिटले, दागिने परत आले. हे झाले नसते तर आज ज्या न्यासाची आपण चर्चा करतो आहोत, त्यात घालायला फारसे काही उरले नसते.

मेहरबाईंचा आजार आणि त्यानंतरचे वर्ष

मेहरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. आज काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातून मुले पूर्ण बरी होतात. १९३१ मध्ये या आजारावर परिणामकारक औषधच नव्हते. केमोथेरपी अस्तित्वात यायला अजून दशकभर अवकाश होता. उपचारासाठी त्यांना वेल्समधील एका शुश्रूषागृहात नेले गेले आणि १८ जून १९३१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय ५१. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना पुरले. पैशाने ज्या ज्या गोष्टी मिळू शकत होत्या, त्या सगळ्या या घराकडे होत्या.

दोराबजी तेव्हा ७१ वर्षांचे. धाकटे बंधू सर रतन १९१८ मध्येच गेले होते. (इथे एक गल्लत नेहमी होते. हे सर रतन म्हणजे २०२४ मध्ये निवर्तलेले रतन टाटा नव्हेत. सर रतन यांच्या पत्नी नवाजबाई यांनी नवल यांना दत्तक घेतले, त्या नवल यांचे रतन हे पुत्र.) सर रतन यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा न्यास सुरू झाला होता. ते उदाहरण दोराबजींसमोर होते.

१९३२ च्या वसंतात त्यांनी दोन न्यास केले. पहिला मेहरबाईंच्या स्मरणार्थ, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याच्या उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगभरातील रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी आणि उरलेला भारतातील वैद्यकीय संशोधनासाठी. पत्नी ज्या आजाराने गेली त्यावर संशोधन करणारा माणूस कोणत्याही देशाचा असला तरी चालेल, अशी ही मांडणी होती. हा न्यास आजही शिष्यवृत्त्या देतो.

दुसरा सर दोराबजी टाटा ट्रस्ट. टाटा सन्स आणि समूहातील इतर कंपन्यांतले समभाग, जमीनजुमला आणि मेहरबाईंचे २१ दागिने, सगळे त्यात गेले. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १ कोटी रुपये. म्हणजे १९२४ मध्ये कारखान्यासाठी जेवढे कर्ज काढले होते, साधारण तेवढीच ही रक्कम.

न्यासपत्रात वेगळे काय होते?

त्या काळच्या मुंबईत दानाची कमतरता नव्हती. धर्मशाळा, दवाखाने, पाणपोया, विधवांसाठी निधी, सगळे होते. पण बहुतेक दाने आपल्या ज्ञातीपुरती किंवा एका ठरावीक कामापुरती असत. दोराबजींच्या न्यासपत्रात शिक्षण आणि संशोधनाबरोबर संकटग्रस्तांना मदत हा हेतू घातला गेला आणि त्याला ठिकाण, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांची अट नाही असे स्पष्ट केले गेले. आजारी पडलेल्या माणसाच्या अर्जात जातीचा रकाना महत्त्वाचा राहिला नाही, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट पैशाच्या रचनेची. न्यासाला नुसती रोकड मिळाली असती तर ती वाटून किंवा महागाईने संपली असती. इथे न्यास कंपनीचा भागधारक झाला. टाकी भरून देण्याऐवजी नळ थेट झऱ्याला जोडावा, तसे. आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल विविध टाटा न्यासांकडे आहे, त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे २८ टक्के, एकट्या दोराबजी न्यासाचा. लाभांश येतो आणि त्यातून अनुदाने जातात. अर्थात, एवढी मोठी मालकी मोजक्या विश्वस्तांच्या हाती असल्याने वादही होतात, ते वाचकांनी अलीकडच्या वर्षांत पाहिले आहेत.

कागदपत्रे पूर्ण झाल्यावर एप्रिल १९३२ मध्ये दोराबजी युरोपला निघाले. पत्नीच्या समाधीला भेट द्यायची होती. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. मेहरबाईंना जाऊन वर्ष पुरे व्हायला १५ दिवस उरले होते. ब्रुकवुडला दोघांची समाधी शेजारी शेजारी आहे.

हिरा विकून टाटा रुग्णालय बांधले, हे खरे का?

व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट अशीच आहे. ती साफ खोटी नाही, पण फार सोपी करून सांगितलेली आहे. जुबिली हिरा १९३७ मध्ये कार्टिए या पेढीमार्फत विकला गेला आणि पैसा दोराबजी न्यासात आला. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय न्यासाने बांधले आणि ते फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले. पण न्यासाकडे हिऱ्याखेरीज बरेच काही होते. त्यामुळे रुग्णालयाचे श्रेय एकट्या हिऱ्याला देता येत नाही. १९६२ पासून हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते मेहरबाईंचे भाचे होमी भाभा.

रुग्णालयाइतकीच महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट १९३६ ची. न्यासाने मुंबईत समाजकार्य शिकवणारी संस्था काढली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. रुग्णाच्या घरी कमावते किती, कर्ज किती, गावी जमीन आहे का, मुलांची शाळा सुटली का, हे विचारून नोंदवणे हे शिकण्यासारखे काम आहे, हा विचार इथून भारतात रुजला. देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली.

आज मदत कशी पोहोचते?

न्यासाकडे जाणाऱ्या वैद्यकीय अर्जासोबत साधारणपणे निदानाचे कागद, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. अर्जाच्या तपासणीत समाजसेवा विभागाची टिपणी मोलाची ठरते. पैसे शक्यतो रुग्णालयाच्या नावे जातात, घरच्यांच्या हातात नाही. संपूर्ण खर्च एकाच न्यासाकडून क्वचितच मिळतो, म्हणून कुटुंबांना दोनतीन ठिकाणी अर्ज करावे लागतात. अंदाजपत्रकाच्या चारपाच प्रती आधीच काढून ठेवलेल्या बऱ्या.

न्यासाच्या दारात जाण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. हा नियम आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे, आणि तो पाळला जात नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

औषधाचा खर्च भागला तरी महिनोन्महिने मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. परळला उपचार घेणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी त्याचे उत्तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मिळते.